आधी वरचा टप्पा, मग खालचा

आमचं पहिलं दोन टप्प्यांचं रॉकेट पहिला एक सेकंद अगदी शहाण्यासारखं वागलं. उड्डाणाच्या सळईवरून सरळ निघालं, दोनदा डुललं, मग आडवं व्हायला लागलं, आणि नेमका त्याच वेळी दुसरा टप्पा पेटला. पेटायला हवा तसाच पेटला. फक्त तेव्हा रॉकेटचं तोंड आकाशाकडे नव्हतं, शेजारच्या मक्याच्या शेताकडे होतं. माझी तेव्हा बारा वर्षांची असलेली मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, हे रॉकेट नाही, क्षेपणास्त्र झालं." सुदैवाने शेतात कुणी नव्हतं. मका कापून झाला होता, ताटं ओली होती. नाकाचं टोक जमिनीत बोटभर रुतलेलं सापडलं.

किट बनवणाऱ्याचा त्यात काहीही दोष नव्हता. पुठ्ठ्याच्या नळ्या, बाल्साचे पंख, प्लॅस्टिकचं नाक, सगळं चोख होतं. मी एक 'छोटासा' बदल केला होता. खालच्या टप्प्यात सांगितलेल्या मोटरऐवजी एक आकार मोठी मोटर बसवली होती, आणि ती बसते आहे एवढंच पाहून खूश झालो होतो. वजन कुठून कुठे गेलं हे मोजलं नव्हतं. या लेखात जे सांगणार आहे त्यातला निम्मा भाग त्या मक्याच्या शेतात शिकलेला आहे.

आधी एक खुलासा. हा छंद मुळात अमेरिकेतला, आणि आम्ही तिथे राहतो म्हणून तो आम्हाला लागला. १९५४ साली नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी पुन्हा पुन्हा उडवता येईल असं कागदी रॉकेट आणि त्यात बदलता येणारी छोटी मोटर तयार केली. व्हाइट सँड्सच्या चाचणी तळावर काम केलेल्या हॅरी स्टाइन यांनी ती कल्पना उचलली, आणि १९५७ मध्ये या छंदाची कंपनी आणि राष्ट्रीय संघटना दोन्ही उभ्या राहिल्या. पुढे व्हर्न एस्टेस यांनी मोटरी बनवणारं यंत्र तयार केलं. त्या यंत्राचं नाव 'मेबल'. माझ्या मते या छंदातली खरी नायिका तीच. प्रत्येक मोटर आधीच्या मोटरसारखीच जळली तरच दुसरा टप्पा कधी पेटेल हे आधी सांगता येतं. हाताने दारू ठासून ते होत नाही, आणि हात मात्र जातो. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा की मोटर विकत घ्यायची, घरी कधीही बनवायची नाही.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकतो. या मोटरी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्फोटकं. त्यांची आयात, साठा, विक्री यांना परवाना लागतो आणि तो देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, 'पेसो'चं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. अमेरिकेतल्या काकांना "येताना बॅगेत चार घेऊन या" असं सांगू नका. तिथल्या विमानतळावर या मोटरी हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि सामानातल्या बॅगेतही नाहीत. मोटरविना किट मात्र कुठेही नेता येतं, बांधता येतं, आणि पुढे येणारं गुरुत्वमध्याचं सगळं गणित त्यावर करता येतं.

आता मोटरवरच्या अक्षरांकडे वळू, कारण इथली चूक सर्वात महाग पडते. समजा मोटरवर 'सी६-७' लिहिलंय. 'सी' हे अक्षर एकूण ताकद सांगतं. ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, डी २० पर्यंत. प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट. '६' हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा '७' म्हणजे इंधन जळून गेल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारी बारीकशी दारू उडेपर्यंत जाणारे सेकंद. त्या काळात रॉकेट धूर सोडत नुसतं वर सरकत असतं. आणि शेवटचा आकडा शून्य असेल, 'सी६-०' किंवा 'डी१२-०', तर त्या मोटरमध्ये थांबणंही नाही आणि पॅराशूटची दारूही नाही. ती खालच्या टप्प्याची मोटर. वरून डोकावलं तर मातीचं झाकण दिसत नाही, थेट काळं इंधन दिसतं.

पेटण्याची क्रिया त्या उघड्या इंधनामुळेच घडते. खालच्या मोटरचं इंधन जळत जळत वरच्या टोकाला पोचतं, शेवटचा पातळ थर फुटतो, आणि तापलेला वायू व जळते कण वर उसळून वरच्या मोटरच्या नोझलमध्ये शिरतात. वरची मोटर पेटते आणि त्याच दाबाने खालचा टप्पा मागे ढकलला जातो. त्यात ना तार, ना बॅटरी, ना घड्याळ. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून भारतातलं पहिलं संशोधन रॉकेट उडालं, ते नायकी-अपाची, तेही दोन टप्प्यांचंच होतं. पण तिथे पहिला टप्पा विझल्यावर दुसरा पेटेपर्यंत मध्ये काही सेकंद नुसता प्रवास होता. आपल्या कागदी रॉकेटला ती सवड नाही. पहिला विझतो त्याच क्षणी दुसरा पेटतो, त्या क्षणी रॉकेटचं तोंड जिकडे असेल तिकडे.

म्हणून समजा, खालच्या टप्प्यात चुकून सी६-५ घातली. ती विझेल, पाच सेकंद थांबेल, तोवर रॉकेट माथ्यावर जाऊन खाली वळलेलं असेल, आणि मग वरची मोटर पेटेल: जमिनीच्या दिशेने, पूर्ण ताकदीने. उलट चूक, म्हणजे वरच्या टप्प्यात सी६-०, ही तुलनेने गरीब. पण पॅराशूट जळून खाक होतं आणि रॉकेट दगडासारखं येतं. एस्टेसच्या मोटरींवर खालच्या टप्प्याची छपाई लाल, वरच्या टप्प्याची जांभळी आणि एकट्या रॉकेटची हिरवी असते. आमच्या घरात रंग मुलगी मोठ्याने वाचते आणि आकडा मी. दोघांचं जमलं तरच मोटर आत जाते. वेडेपणा वाटेल, पण मैदानावर पाच जण एकाच वेळी बोलत असतात तेव्हा हा वेडेपणा उपयोगी पडतो. आणि पेटवायची वात फक्त सर्वात खालच्या मोटरला. वरच्या मोटरमध्ये काहीही खुपसायचं नाही.

बांधायला बसाल तेव्हा किटमधला कागद खालच्या टप्प्यापासून सुरू झालेला असला तरी तुम्ही वरच्यापासून सुरुवात करा. वरचा टप्पा म्हणजे एक पूर्ण, स्वतंत्र रॉकेट आहे. त्याला नाक आहे, पॅराशूट आहे, स्वतःचे पंख आहेत. ते आधी पूर्ण करा आणि एकटंच उडवा, बी६-४ किंवा सी६-५ घालून. दोन उड्डाणं सरळ झाली, पॅराशूट नीट उघडलं, की मगच खालच्या टप्प्याला हात लावा. नाहीतर दोन टप्पे एकदम उडवून रॉकेट वाकडं गेलं तर दोष कुठल्या पंखात हे शोधताना आठवडा जातो. माझा गेला आहे.

पंख चिकटवण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण एक टप्प्याची तीन-चार रॉकेटं केलेल्याला ते येतंच. आणि केली नसतील तर दोन टप्प्यांच्या नादी लागू नये. बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर पंख वाऱ्याने मोडतो. लाकडाचा पिवळा गोंद पुरतो. आधी दोन्ही बाजूंना पातळ थर देऊन वाळू द्या, मग पुन्हा थोडा लावून चिकटवा. पुठ्ठा आणि बाल्सा दोन्ही गोंद पितात, पहिला थर त्यांची तहान भागवतो. झटपट चिकटणारा गोंद पंखाच्या मुळाशी नको, सांधा ठिसूळ होतो. नळीवर सरळ रेषा आखायला दाराच्या चौकटीचा कोपरा वापरा: नळी कोपऱ्यात दाबून धरा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढा. रेष शंभर टक्के सरळ येते.

दोन टप्प्यांत एक गोष्ट वेगळी असते. खालच्या टप्प्याचे पंख वरच्यांपेक्षा मोठे असतात, आणि त्यांचं काम वेगळं आहे. मागे दोन मोटरींचं वजन असताना रॉकेटला सरळ ठेवणं हे त्यांचं काम. म्हणून किटमधले खालचे पंख 'जरा बेढब दिसतात' म्हणून कापू नका. एका हौशी मित्राने कापले होते. त्याचं रॉकेट छान दिसत होतं, सळईवर उभं होतं तोवर.

आता सांध्याकडे येऊ. सगळ्या रॉकेटमध्ये मी सर्वाधिक वेळ घालवतो तो दोन टप्पे जोडणाऱ्या या बोटभर लांबीच्या पुठ्ठ्याच्या कड्यावर. कडं खालच्या नळीत चिकटवलेलं असतं आणि त्याचा अर्धा भाग वरच्या नळीत सरकतो. तो किती घट्ट असावा? खालचा टप्पा हातात धरून रॉकेट आडवं केलं तर डगमगता कामा नये, दोन्ही टप्प्यांतून नजर टाकली तर एक रेष दिसली पाहिजे. पण वरचा टप्पा धरून उचलला आणि जरा हलवला की खालचा सहज निसटला पाहिजे. घट्ट असेल तर पॉलिश पेपरने एकेक फेरा घासा. सैल असेल तर कड्यावर मास्किंग टेपची पातळ पट्टी. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, म्हणून घरी बरोबर बसलेलं कडं तळ्याकाठच्या मैदानावर अडकू शकतं. उडवण्याच्या दिवशी ते पुन्हा तपासा. कड्याच्या आतल्या बाजूला झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा एक हात दिला तर आगीने पुठ्ठा सोलवटत नाही आणि कडं पाच-सहा उड्डाणं जास्त टिकतं.

दोन मोटरी एकमेकींना टेकलेल्या असतील तर जुनी रीत सोपी आहे: सेलोटेपचा एकच वेढा दोघींच्या जोडावर. पेटण्याच्या क्षणी टेप जळते, सुटते. एकच वेढा, मी मुद्दाम लिहितो. दोन वेढ्यांनी सांधा हट्टी होतो. मोटरींमध्ये अंतर असेल तर वेगळीच भानगड. खालून वर येणारा तापलेला वायू पुढे थंड हवेचा दाब तयार करतो, आणि तो दाब टप्पे आधीच उडवून लावतो. आग पोचायच्या आत वरचा टप्पा निघून जातो, न पेटताच. त्यासाठी खालच्या टप्प्याच्या वरच्या टोकाला, वरच्या नोझलच्या जरा खाली, समोरासमोर दोन छिद्रं पाडतात, पाच-सहा मिलिमीटरची. थंड हवा तिथून निघते, आग मागून येते आणि नोझलमध्ये शिरते. ही छिद्रं ठेवली की मोटरींमधलं अंतर बऱ्यापैकी वाढवता येतं, फूटभर अंतरावरूनसुद्धा पेटतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खोटं वाटलं होतं. एक सावधानता: हे सगळं काळ्या दारूच्या मोटरींचं आहे. संमिश्र इंधनाच्या मोटरींना आत खोलवर वात लागते, खालून आलेल्या झोताने त्या भरवशाने पेटत नाहीत. तिथे घड्याळाचं सर्किट लागतं आणि तो वेगळा खेळ आहे.

मोटर मागे सरकता कामा नये. पेटताना खालची मोटर दाबाने मागे उडाली तर सगळा वायू तिच्याबरोबर जातो आणि वरची मोटर थंडच राहते. धातूचा आकडा असेल तर उत्तम, नसेल तर मास्किंग टेपने मोटर इतकी घट्ट करा की ती आत ढकलायला अंगठा दुखला पाहिजे.

एवढं बांधून, सांगितलेल्या मोटरींनी दोनदा उडवून झालं की मग बदलाचा किडा वळवळू लागतो. त्याला मी नावं ठेवणार नाही, माझ्यातही आहे. बहुतेकांचा पहिला बदल तोच असतो जो मी केला: खाली सी६-० ऐवजी डी१२-०. त्याला कारणही चांगलं आहे. माझं रॉकेट दोन मोटरींसह १०८ ग्रॅमचं होतं. त्याचं वजन साधारण १.०६ न्यूटन, सी६ चा लिहिलेला रेटा ६, म्हणजे पावणेसहा पट. पाच पट ही किमान मर्यादा धरतात, आपण काठावर. सी६-० साठी कंपनीने दिलेली वजनाची मर्यादाही ११३ ग्रॅम. जरा रंग जास्त लावला की संपली. डी१२ चा रेटा दुप्पट, व्यास २४ मिलिमीटर, आणि माझ्या रॉकेटची नळी आतून जवळजवळ तेवढीच. आतली १८ मिलिमीटरची मोटरनळी काढून टाकली तर डी१२ सरळ आत बसते आणि तिचं वरचं टोक जोडकड्याच्या खालच्या कडेला टेकतं. किती सोयीचं! तेवढ्यावर मी थांबलो.

जे करायला हवं होतं ते असं. रॉकेट सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य त्याच्या दाबमध्याच्या पुढे हवा, किमान नळीच्या एका व्यासाएवढा. गुरुत्वमध्य कुठे आहे हे मोटरींसह भरलेलं रॉकेट बोटावर तोलून कळतं. दाबमध्य म्हणजे हवेचा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू. तो काढण्याची सुटसुटीत समीकरणं नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात या छंदासाठी बसवली. आता ती हाताने सोडवायची गरज नाही. 'ओपनरॉकेट' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, एका फिनिश विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेलं. नळीची मापं, पंखांचा आकार आणि वजनं भरली की दोन्ही बिंदू चित्रावर दिसतात.

माझ्या रॉकेटची नळी अडीच सेंटिमीटर व्यासाची. दाबमध्य नाकाच्या टोकापासून ४३ सेंटिमीटरवर. मूळ मोटरींसह गुरुत्वमध्य ४०.२ वर. अंतर २.८, म्हणजे एका व्यासाहून थोडं जास्त, उत्तम. आता सी६-० जाऊन डी१२-० आली, १८ ग्रॅम वाढले. मोटरनळी काढली, २ ग्रॅम घटले. म्हणजे टोकापासून साधारण ५४ सेंटिमीटरवर निव्वळ १६ ग्रॅमची भर. गणित शाळेतलं आहे: १०८ गुणिले ४०.२, अधिक १६ गुणिले ५४, आणि बेरजेला १२४ ने भागा. उत्तर ४२. गुरुत्वमध्य जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर मागे गेला आणि दाबमध्यापासूनचं अंतर उरलं फक्त एक सेंटिमीटर. जे रॉकेट आधी एका व्यासाच्या कसोटीला पास होतं ते आता नापास. डुललं यात नवल काय?

उपाय दोन. नाकात माती भरणं हा पहिला. टोकापासून ५ सेंटिमीटरवर सव्वासहा ग्रॅम माती घातली तर गुरुत्वमध्य पुन्हा ४०.२ वर येतो. हाताशी असलेला उपाय, पण मला तो आवडत नाही: ती माती वरच्या टप्प्याबरोबर शेवटपर्यंत वर वाहून न्यावी लागते. दुसरा उपाय, खालच्या टप्प्याचे पंख बाहेरच्या बाजूने सेंटिमीटरभर वाढवणं. त्याने दाबमध्य मागे सरकतो, आणि काम झाल्यावर ते पंख खालच्या टप्प्याबरोबर गळून पडतात. वरच्या टप्प्याला त्यांचा भार नाही. वाढीव बाल्साचं वजनही मागेच पडतं, तेव्हा गणित पुन्हा करायचं, हे ओघाने आलं. मी शेवटी पंख वाढवले आणि दोन ग्रॅम माती घातली.

सॉफ्टवेअरवर विश्वास नसेल तर आजोबांच्या काळातली चाचणी आहे. भरलेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्याशी दोरी बांधा, टेपने पक्की करा आणि दोन-तीन मीटर दोरीवर रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं किंवा शेपूट पुढे करून फिरलं तर उडवू नका. ही चाचणी जरा कडक आहे. तिच्यात नापास झालेली काही रॉकेटं प्रत्यक्षात नीट उडतात. पास झालेल्याची मात्र काळजी नको. दोन टप्प्यांच्या रॉकेटला ती दोनदा करायची, एकदा जोडून, एकदा नुसत्या वरच्या टप्प्याची. आणि वात अर्थातच लावलेली नसताना. शेजारी आधीच शंकेने बघत असतात.

आणखी एक बाब बहुतेक जण विसरतात. खालचा टप्पा गळाल्यावर तो सरळ पडता कामा नये. आखूड नळी, मोठे पंख, आतली मोटर रिकामी: असा तुकडा कोलांट्या खात येतो आणि गवतात अलगद पडतो. किटमधला टप्पा त्याच हिशेबाने आखलेला असतो. पण तुम्ही त्याची लांबी वाढवलीत, मोटरींमध्ये अंतर ठेवायला किंवा दिसायला बरं म्हणून, तर तो स्वतःच एक स्थिर बाण बनू शकतो आणि नाक नसलेल्या भाल्यासारखा येतो. लांबी वाढवली की रिकाम्या मोटरसह त्याचा गुरुत्वमध्य वेगळा तपासा, आणि शंका आली तर एक लांब फीत त्याला बांधायची सोय करा.

बाकीचे बदल बिनधास्त करा. पॅराशूटचा रबरी दोर बदलून केव्हलारचा लावला तर जळत नाही. छोटा उंचीमापक ठेवायचा तर नाकामागे पारदर्शक नळीचा कप्पा जोडता येतो, आणि तो पुढे असल्यामुळे वजन योग्य जागी पडतं. तीन टप्प्यांची हौस असेल तर स्वतः जुळवाजुळव न करता एस्टेसच्या कोमँची-३ सारखं त्यासाठीच आखलेलं किट घ्या: खाली डी१२-०, मध्ये सी६-०, वर सी६-७. ते आमच्या घरात दोन वर्षं खोक्यात आहे. मैदान मोठं मिळालं की काढू, असं म्हणतो.

मैदानाचं गणितही मोटरींच्या बेरजेवर चालतं. दोन सी म्हणजे एकूण २० न्यूटन-सेकंद, डी इतके. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा नियमांनुसार मैदानाची लहान बाजू किमान ५०० फूट. एक डी आणि एक सी म्हणजे ३०, ई च्या घरात. मग १,००० फूट. शाळेच्या मैदानाचा विषय तिथेच संपतो. डी पर्यंतच्या मोटरींना १५ फूट, त्यापुढे ३० फूट लांब उभं राहायचं असा नियम आहे. दोन टप्प्यांना मी नेहमी ३० धरतो, आणि लहान मुलांना त्याहून मागे. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर नियमानेच उडवायचं नाही, पण दोन टप्प्यांसाठी वारा दहाच्या वर गेला की मी गाडीतून पेटी काढत नाही. खालचा टप्पा वाऱ्याकडे वळतो आणि वरचा ते वळण पूर्ण ताकदीने पुढे नेतो. सळई जाड घ्या, पाच मिलिमीटरची, आणि चार फुटी. बारीक सळई वाकते, आणि सुटताना रॉकेटला चाबकासारखा झटका देते.

न पेटल्यास आधी पेटवण्याच्या यंत्राची किल्ली काढायची, मग पूर्ण ६० सेकंद थांबायचं, मग जवळ जायचं. हे मिनिट फार लांब असतं. मुलगी मोठ्याने आकडे मोजते. मोटरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. उष्णता आणि थंडी आलटून-पालटून मिळाली की इंधन नळीच्या आतल्या भिंतीपासून सुटतं आणि मोटर पेटताच फुटू शकते. गवत वाळलेलं असेल तर पाण्याची बादली आणि एक ओलं पोतं जवळ ठेवा. खालचा टप्पा आतून धगधगतच खाली येतो, हे लक्षात असू द्या. उन्हाळ्यात आगबंदी असेल त्या आठवड्यात घरी बसा.

उडवताना दोन माणसं वाटून घ्या. एकाने नजर खालच्या टप्प्यावर ठेवायची, दुसऱ्याने वरच्यावर, आणि कुणी काहीही ओरडलं तरी आपली नजर सोडायची नाही. दोघांनीही वरच पाहिलं तर खालचा टप्पा गवतात हरवतो. पावसाळ्यात तो पुठ्ठा आठ दिवसांत लगदा होतो. वरचा टप्पा इतका उंच जातो की दिसेनासा होतो. पॅराशूटच्या घडीत थोडी टाल्कम पावडर टाकली तर उघडताना पांढरा ढग दिसतो आणि नजर पुन्हा बसते. पॅराशूटही मोठं नको. लहान पॅराशूट किंवा नुसती फीत लावा, रॉकेट थोडं जोरात पडेल पण पुढच्या गावात जाणार नाही.

मक्याच्या शेतातलं ते नाक आम्ही धुऊन पुन्हा वापरलं. पंख वाढवलेल्या खालच्या टप्प्यासह ते पुढच्या महिन्यात उडालं, सरळ, आणि वरचा टप्पा पेटला तेव्हा मी चुकून तिकडेच पाहिलं. खालचा टप्पा मुलीने बरोबर नजरेत ठेवला होता. तो आमच्याच गाडीच्या टपावर येऊन पडला, आणि टपाच्या रंगावर पडलेला काळा गोल डाग अजून आहे.